चिठ्ठीवर आधी तास, मग किंमत

परवा पहाटे माल पुण्याला निघेल. बाहेरच्या खोलीत कॉटवर पाच मोठ्या वाकळा, बारा दुपटी, तीस आसनं आणि चाळीस बटवे घड्या घालून रचलेत. चिठ्ठ्या बांधायच्या तेवढ्या राहिल्यात. त्या बांधायला बसण्याआधी हे लिहून काढतेय, कारण या चिठ्ठ्यांवर काय लिहायचं हे ठरवायला आम्हा चौघींना पुरतं वर्ष लागलं.

आमच्या कराडकडं गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्यात हा शब्द सगळ्यांना कळतोच असं नाही, म्हणून स्टॉलच्या पाटीवर ‘गोधडी’ लिहिलंय. इथं मात्र मी वाकळच म्हणणार.

चौघी म्हणजे मी, माझ्या थोरल्या जाऊबाई, शेजारच्या काकू आणि आक्का. आक्का म्हणजे सासूबाईंची मोठी बहीण. वय ७४, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आणि टाका अजून आम्हा तिघींपेक्षा बारीक. मी शिवायला शिकले ते त्यांच्याजवळ बसून. माहेरी आमच्याकडं वाकळा होत्या, पण मी कधी सुई धरली नव्हती.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा स्टॉल घेतला. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस इथं आधी नुसत्या हिंडून आलो होतो, बचत गटांच्या बायका माल कसा मांडतात ते बघून आलो होतो. आमचं प्रदर्शन त्या मानानं लहान, चार दिवसांचं. मोठ्या वाकळेची किंमत मी १,८०० रुपये ठेवली. त्यामागं काही हिशेब नव्हता. पलीकडच्या स्टॉलवर मशीनवर शिवलेल्या रजया दीड हजाराला होत्या, आपलं हाताचं काम म्हणून मी वर तीनशे चढवले. सातच्या सात वाकळा दोन दिवसांत संपल्या. एका दुकानदारानं एकदम तीन उचलल्या. महिन्याभरानं काकूंच्या मुलीला त्याच्या दुकानात आमची हिरव्या इरकली काठाची वाकळ दिसली. चिठ्ठीवर ६,५०० लिहिलेलं होतं.

मला राग आला, झोप लागली नाही त्या रात्री. पण राग त्याच्यावर किती काढणार? त्याला वाकळेची किंमत कळली होती आणि मला कळली नव्हती.

पैसे वाटून झाल्यावर आक्कांनी एकच विचारलं होतं. नोटा पदराला बांधता बांधता म्हणाल्या, “पैसं आलं त्ये खरं, पोरी. पर ह्यात कापडाचं किती आन् माझ्या हाताचं किती, त्ये सांग की.” मला सांगता आलं नाही. कापडाचा खर्च तोंडपाठ होता. हाताचा कुणी लिहूनच ठेवला नव्हता.

म्हणून या वर्षी दसरा झाल्यावर पहिल्या वाकळेला सुरुवात केली त्या दिवशीच खिळ्याला वही टांगली, दोऱ्यानं पेन्सिल बांधली. ज्या बाईनं जितकं शिवलं तितके तास तिनं लिहायचे. चार दिवसांत वहीचा गोंधळ झाला. कुणी मधेच दूध उतू जातंय म्हणून उठायचं, कुणी दारात आलेल्या पाहुण्याशी बोलत शिवायचं. काकू लिहायच्या ‘दुपारभर’. आक्का म्हणाल्या, मला तास कळत न्हाईत, मी दोरं मोजते. आणि त्यांनी फडताळातून चिंचोक्यांची पुरचुंडी काढली.

तीच युक्ती लागू पडली. आम्ही सुईत दीड हात दोरा ओवतो. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि पुन्हा पुन्हा कापडातून ओढला गेल्यानं दोऱ्याला पिंज सुटते. आखूड घेतला तर गाठी वाढतात. दीड हात दोऱ्यात साधारण दोन फूट शिवण होते. नवा दोरा ओवला की बिस्किटाच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा, एवढाच नियम. मी दोनचार दिवस मोबाईल लावून बघितलं, एक दोरा संपायला सरासरी १८ मिनिटं लागतात. आक्कांना १६, मला २०.

पहिल्या वाकळेला २११ चिंचोके भरले. म्हणजे ६३ तास. मांडणी, कच्चे टाके, कडेचा गोट यांचे आणखी सात. सत्तर तास. मी आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, परत मोज. परत मोजले, तितकेच भरले.

हे इतके तास कशात जातात ते सांगते. वाकळ पाच फूट बाय सात फुटांची. खाली एकसंध सुती कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांना विटा ठेवायच्या. त्यावर जुन्या साड्यांचे थर. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं, पण पन्हा पाच फुटांना पुरत नाही, म्हणून जोड द्यावा लागतो, आणि एका लुगड्यातून जेमतेम तीन थर निघतात. प्रत्येक थर पसरला की तळहातानं मधून कडेकडे सारवल्यासारखा सपाट करत जायचं. या कामाला घाई केली की पुढं पस्तावायला होतं. आतल्या थराला एक चुणी राहिली तर ती शिवणीत अडकून बसते आणि वाकळ अंगावर घेतली की तिथं दोरीसारखी टोचते. वरचा तुकडे जोडलेला थर शेवटी. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळं एकजीव करून घ्यायचं.

खरं शिवण कोपऱ्यापासून सुरू होतं. आम्ही कडेकडेनं चौकोनी फेरा घालत आत येतो. पहिला फेरा पूर्ण झाला की पेराएवढं, म्हणजे इंचभर, आत सरकून दुसरा. असे फेरे घेत घेत शेवटचा टाका बरोबर मध्यावर पडतो. दोघी समोरासमोरच्या बाजूंना बसतात. शिवताना वाकळेवरच बसावं लागतं, त्यामुळं कापड ताणलं राहतं. डावा हात खाली घालून सुईचं टोक बोटाला लागेल तेवढंच बाहेर येऊ द्यायचं, लगेच वर घ्यायचं. सुईवर तीनचार टाके गोळा झाले की अंगुस्तानानं मागून ढकलायची आणि ओढून घ्यायची. सगळे थर टोचले गेलेत की नाही हे डाव्या हाताच्या तर्जनीला कळतं, डोळ्याला कळत नाही. आक्कांच्या त्या बोटाच्या टोकाला इतकं घट्ट झालंय की तिथं रक्त निघत नाही. माझ्या बोटाला अजून निघतं, आणि रक्ताचा डाग फिक्या कापडावर पडला तर त्याच क्षणी गार पाण्यानं टिपून घ्यावा लागतो. गरम पाणी लागलं की तो बसलाच.

गणित करून पाहिलं तर इंचभर अंतरानं एका वाकळेत सव्वाशे मीटरहून जास्त शिवण भरते. कराडच्या बसस्टँडवर एसटीच्या गाड्या ओळीनं लावल्या तर दहा गाड्यांची लांबी होईल इतकी.

कोपऱ्यात आक्का एक त्रिकोणी घडी टाचतात, त्याला फूल म्हणतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या वाकळेला, अशीच फुलं लावतात. आक्कांनी हल्याळ कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या आईच्या हातात हे होतं, तिच्या आईच्याही होतं. प्रदर्शनात बरेच जण हात लावून विचारतात, कांथा आहे का हे? मी सांगते, कांथा बंगालचं, तिथं धावदोऱ्यानं चित्रं भरतात. आमचा धावदोरा थर धरून ठेवायला आहे, आणि नक्षी त्या धरून ठेवण्यातूनच येते. हे सांगताना मला फार बरं वाटतं.

कापडाबद्दल माझं मत कडक आहे. आतले थर सुतीच हवेत. सिंथेटिक साडी फुकट मिळते, दारोदार स्टीलची भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्या बायकांकडं तिचे ढीग असतात. पण तिच्यातून सुई करकरत जाते, थर एकमेकांवरून घसरतात आणि वाकळ ऊब धरत नाही, घाम धरते. जुनी सुती लुगडी मात्र आता सहज मिळत नाहीत. नेसणाऱ्या बायकाच कमी झाल्या. नवरात्राच्या आधी घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात तेव्हा मी गल्लीत सांगून ठेवते, फाटकं सुती लुगडं, धोतर, पंचा काही टाकू नका, मी पैसे देऊन घेते. आणलेलं सगळं गरम पाण्यात भिजवायचं, दोन उन्हं द्यायची, मग कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेवायचं. डांबराच्या गोळ्या आम्ही वापरत नाही. तो वास दुपट्याला लागला की जात नाही, आणि बाळाच्या नाकाशी तो नको.

चिठ्ठीवर मी स्पष्ट लिहिते: आत जुन्या, धुतलेल्या सुती साड्या. गेल्या वर्षी काही जणी हे वाचून मागं सरल्या. तरी मी ते लिहिणारच. बाळाला पहिल्यांदा जुन्या मऊ लुगड्यातच गुंडाळायची आपली रीत आहे, ती उगीच नाही. नव्या कापडाची खळ पहिल्या दोनतीन धुण्यांत जाते, पण दहा वर्षं नेसून नेसून आलेला मऊपणा धुण्यानं येत नाही.

रंगाची एक गोष्ट या वर्षी महागात पडली. सहावी वाकळ होती. वरच्या थरात मी किरमिजी रंगाचा इरकली काठ लावला, शेजारी पांढऱ्या धोतराचे चौकोन. काठ मिठाच्या पाण्यात भिजवून घेतला होता, रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात. वाकळ पूर्ण झाली, शेवटी धुवून वाळत घातली आणि तासाभरानं बघितलं तर काठाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्यावर गुलाबी ओघळ. सत्तर तासांचं काम. काकू तिथंच ओट्यावर बसल्या. मिठानं सुटणारा रंग थांबत नाही, हे मी आता माझ्या हातानं अनुभवलंय. आता प्रत्येक गडद तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासते, मग ओल्या फडक्यातच गुंडाळून रात्रभर दाबून ठेवते. सकाळी फडकं पांढरं निघालं तरच तो तुकडा घ्यायचा. ती वाकळ विकायची नाही असं ठरवलं. जाऊबाईंच्या मुलाला वसतिगृहावर पाठवली, त्याला ती आवडली.

आणि सुयांचं. हे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण दुपटी विकणाऱ्या प्रत्येक बाईनं वाचावं म्हणून लिहिते. आमच्याकडं सोळा सुया आहेत. रोज काम संपलं की उशीत टोचून मोजायच्या. गेल्या मंगळवारी रात्री पंधरा भरल्या. चटई झटकली, कोपरे झाडले, पदर-ओच्याच्या घड्या पाहिल्या. सापडेना. त्या दिवशी तीन दुपट्यांवर काम झालं होतं. काकू म्हणाल्या, आधीच्या दिवशी मोजायला चुकलो असू. आक्का काही बोलल्या नाहीत, नुसत्या दुपट्यांकडं बघत राहिल्या. मग मला माळ्यावरच्या जुन्या रेडिओची आठवण झाली. त्याच्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि एकेका दुपट्यावरून सावकाश फिरवलं, दोन्ही बाजूंनी. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्याच्या कोपऱ्यात, फुलाच्या घडीत, कापड आतून उचललं गेलं. अगदी मुंगी हलावी तितकं. उसवून बघितलं तर सुई आडवी बसलेली, नेढं कापडाच्या आत आणि टोक बाहेरच्या बाजूला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आक्कांनी ती सुई उशीत टोचली, मग ते दुपटं मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता हात फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाराच्या बारा दुपट्यांवरून चुंबक फिरवलं. आता माल बांधण्याआधी ते होणारच, आणि चिंचोक्यांच्या डब्याशेजारीच ते चुंबक ठेवलंय.

आता किंमत. इकडं भांगलणीला जाणाऱ्या बाईला जी हजेरी मिळते ती तासावर वाटून बघितली, आणि आम्ही तासाला ६० रुपये धरले. यापेक्षा कमी धरायचं तर आक्कांनी सुईऐवजी खुरपं हातात घेतलेलं काय वाईट? सत्तर तासांचे ४,२०० रुपये. कापड, जुन्या साड्या, दोरा आणि इस्त्री मिळून १,३९०. स्टॉलचं भाडं आणि जाण्यायेण्यातला वाटा ३००. बेरीज ५,८९०. चिठ्ठीवर ५,९०० लिहायचं ठरलं. मग जाऊबाईंनी मागचा हिशेब मांडला. गेल्या वर्षीच्या १,८०० मधून कापडाचे १,३९० गेले, राहिले ४१०, भागिले सत्तर. तासाला सहा रुपयेही पडत नव्हते, आणि त्यात भाडं धरलेलंच नव्हतं. वहीचं ते पान मी फाडलं नाही, तसंच ठेवलंय.

पाच हजार नऊशे म्हटल्यावर काकूंच्या पोटात गोळा आला. कोण घेणार? हा प्रश्न मलाही आहे. म्हणून विकायला मोठ्या वाकळा पाचच ठेवल्या आणि लहान माल वाढवला. दुपट्याला आत एकच थर, सुई सरसर जाते, अकरा तासांत होतं, ते ९०० ला. पूजेला किंवा जेवायला बसायचं दीड फुटाचं आसन तीन तासांत, २८० ला. बटवे उरलेल्या तुकड्यांचे, अस्तर मशीनवर, वरचं शिवण हाताचं, १५० ला. गेल्या वर्षी बघितलं होतं, वाकळेला हात लावणारे पुष्कळ असतात आणि रिकाम्या हातानं जायला त्यांना जड वाटतं. त्यांच्यासाठी हा लहान माल. पण त्याच्यातही तासाचा भाव तोच आहे, कुठं कमी केलेला नाही.

चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिल्यात. पुठ्ठा चांगला असतो. पिन लावत नाही, दमटपणानं गंजून कापडाला डाग पडतो, म्हणून त्याच दोऱ्यानं बांधतो. पहिली ओळ, तास. दुसरी, आत काय आहे. तिसरी, कशी धुवायची: गार पाणी, साधा साबण, पिळायची नाही, सावलीत दोरीवर दुहेरी टाकून वाळवायची. चौथी, किंमत. जाऊबाईंचं म्हणणं होतं की किंमत वर हवी, लोक आधी तीच बघतात. मी ऐकलं नाही. तास वाचून झाल्यावर किंमत वाचावी असं मला वाटतं, आणि त्या बाबतीत मी हट्टानं अडून राहिले.

मांडणीचं एवढंच ठरवलंय की एक वाकळ उलटी टांगायची. मागची बाजू दिसू द्यायची. मशीनची शिवण सलग रेघ असते, हाताचा धावदोरा एक टाका दिसतो आणि एक बुडतो, आणि पाठीवरही तितकाच नीट असतो. कुणी मशीनचं आहे का विचारलं तर बोलायची गरज नाही, पाठ दाखवायची. सुट्टे पैसे, क्यूआर कोडचं लॅमिनेशन, दोरी, चिमटे, टेबलावर घालायची चादर हे सगळं काकूंनी एका पिशवीत भरलंय.

चादरीचं मात्र आज संध्याकाळी बदललं. आक्का स्वतःची वाकळ घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंच्या लुगड्यांची, तीसएक वर्षं वापरातली, मधे दोन ठिकाणी ठिगळं, रंग सगळे उडून एकच राखी झालेला. “चादर कशाला,” म्हणाल्या, “हीच टाका टेबलावर. बघू दे लोकास्नी, तीस वर्सानं कशी हुती ती.” मी लगेच एक चिठ्ठी लिहिली, ‘ही विकायची नाही’. आक्कांनी ती वाचायला लावली आणि मान डोलावली. मग दारातून परत वळल्या.

“आन् रातच्याला टेबलावर ठेवू नगंस. अंगावर घे. पुण्यात गारठा लई असतुया.”